डॅशकॅम गाडीच्या वायरिंगला कायमचा जोडणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅशकॅम, म्हणजे काचेवर बसवून रस्त्याचे चित्रण करणारा कॅमेरा, सिगारेट-लायटरच्या सॉकेटमधल्या प्लगवर न चालवता गाडीच्या फ्यूज बॉक्समधून चालवण्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उत्तरे १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असलेल्या प्रवासी गाडीला धरून आहेत. हायब्रिड, विजेवरच्या आणि २४ व्होल्टच्या गाड्यांसाठी प्रश्न १६ व १७ वेगळे ठेवले आहेत.

१. सॉकेटमध्ये प्लग लावून कॅमेरा व्यवस्थित चालतो. मग कायमची जोडणी कशासाठी करायची?

गाडी चालू असतानाचेच चित्रण हवे असेल आणि लोंबणारी वायर खटकत नसेल, तर करू नये. प्लग पुरेसा आहे. कायमच्या जोडणीची खरी गरज दोन कारणांनी पडते. पहिले कारण म्हणजे पार्किंग मोड, म्हणजे उभ्या गाडीतही चालू राहणारा पहारा, कारण बहुतेक गाड्यांमध्ये चावी बंद केली की सॉकेटची वीजही जाते आणि उभ्या गाडीला कोणी धडक दिली तर कॅमेरा झोपलेलाच असतो. दुसरे कारण म्हणजे डॅशबोर्डवरून लोंबणारी वायर गिअरमध्ये किंवा स्टिअरिंगजवळ अडकू शकते आणि धक्क्यांनी प्लग ढिला होऊन, चालकाच्या नकळत, चित्रण थांबू शकते.

२. 'हार्डवायर किट' म्हणजे नेमके काय? गाडीची वायर सरळ कॅमेऱ्याला जोडली तर काय बिघडते?

बहुतेक डॅशकॅम ५ व्होल्टवर चालतात. गाडीची बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट देते, त्यामुळे सरळ जोडणी केल्यास कॅमेरा पहिल्याच क्षणी जळू शकतो. किटमधली छोटी डबी हा दाब ५ व्होल्टपर्यंत उतरवते आणि त्याचबरोबर बॅटरीवर लक्ष ठेवून दाब ठरावीक मर्यादेखाली (या मर्यादेला कट-ऑफ म्हणतात) गेला की कॅमेऱ्याची वीज तोडते. काही कॅमेरे मुळातच १२ ते २४ व्होल्ट घेतात. त्यांच्या किटमध्ये दाब उतरवणारी डबी नसते आणि बॅटरीवरची पाळत कॅमेराच ठेवतो. म्हणून एका कंपनीचे किट दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला केवळ पिन बसते एवढ्यावरून जोडू नये. कॅमेऱ्यावर छापलेला इनपुट दाब आणि किटवर छापलेला आउटपुट दाब हे दोन आकडे जुळले पाहिजेत.

३. किटमध्ये तीन वायरी आहेत. कोणती कशासाठी?

एक वायर कायम वीज असलेल्या ठिकाणी जाते आणि तिच्यावर बहुधा 'बॅट' किंवा 'बी प्लस' असे लिहिलेले असते. दुसरी, 'एसीसी' लिहिलेली, चावी फिरवल्यावरच वीज येते अशा ठिकाणी जाते. तिसरी अर्थची (अर्थिंगची) असून ती गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जाते. कॅमेरा आपली वीज मुख्यतः पहिल्या वायरीतून घेतो. दुसरी वायर गाडी चालू आहे की उभी आहे एवढी खबर त्याला देते आणि त्या खबरीवरून तो नेहमीच्या चित्रणातून पार्किंग मोडमध्ये जातो. पुष्कळ किटांमध्ये पिवळी कायमची, लाल एसीसीची आणि काळी अर्थची असते, परंतु रंगांवर विसंबू नये. वायरीवरची चिठ्ठी आणि सोबतचे पत्रक हाच पुरावा. ज्या किटमध्ये दोनच वायरी आहेत, त्यात ही खबर देणारी वायर नसल्यामुळे मोड आपोआप बदलणे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या हालचाल-संवेदकावर अवलंबून राहते.

४. कोणत्या फ्यूजवरून वीज घ्यावी आणि कोणत्याला अजिबात हात लावू नये?

आधी काय टाळायचे ते पक्के करावे. एअरबॅग, एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा), स्थैर्य नियंत्रण, इंजिनचा संगणक, इंधन पंप, स्टिअरिंग आणि ब्रेकचे दिवे या परिपथांवरून काहीही घेऊ नये. कॅमेरा घेतो तो प्रवाह क्षुल्लक असतो हे खरे, पण प्रश्न प्रवाहाचा नसून फ्यूजच्या जागी एक नवा, हाताने बसवलेला जोड येतो याचा आहे. तो जोड ढिला पडला तर ज्याच्यावाचून गाडी सुरक्षित थांबू शकत नाही असे काही बंद पडता कामा नये.

चावीबरोबर चालू होणाऱ्या वायरीसाठी सॉकेट, रेडिओ, मागचा वायपर किंवा तापणारी आसने यांचा फ्यूज चांगला. कायम विजेसाठी आतले दिवे, दारांची कुलुपे किंवा धोक्याचे इशारादिवे यांचे फ्यूज पाहावेत. गाडीच्या पुस्तिकेतला आणि झाकणामागचा नकाशा सुरुवातीला उपयोगी पडतो, पण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत तो बदलतो, म्हणून शेवटचा निर्णय मल्टिमीटरचा, म्हणजे विजेचा दाब आणि रोध मोजणाऱ्या उपकरणाचा. चावी बंद, एसीसी आणि चालू अशा तिन्ही स्थितींत दाब मोजावा. नंतर गाडीला कुलूप लावून, निदान अर्धा तास थांबून पुन्हा मोजावे, कारण कायम वीज आहे असे वाटणारे काही फ्यूज गाडी झोपल्यावर बंद होतात आणि चावीबरोबर बंद व्हायला हवेत असे काही फ्यूज दार उघडेपर्यंत किंवा काही मिनिटे चालूच राहतात. हा अर्धा तास वाचवणाऱ्यांनाच पुढे प्रश्न १३ पडतो.

बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सपेक्षा डॅशबोर्डखालचा किंवा ग्लव्हबॉक्समागचा निवडावा. बॉनेटखाली उष्णता आणि पाणी असते, शिवाय वायर आत आणण्यासाठी इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या लोखंडी पडद्यातून वाट काढावी लागते.

५. फ्यूज टॅप विकत आणला, पण तो खाचेत बसतच नाही. असे का?

फ्यूज टॅप म्हणजे फ्यूजच्या खाचेत बसून तेथून नवी वायर काढून देणारा जोड. पात्यांच्या फ्यूजचे अनेक आकार आहेत आणि टॅप त्या आकाराचाच लागतो. नेहमीचा मोठा फ्यूज सुमारे १९ मिलिमीटर रुंद असतो, मिनी सुमारे ११ मिलिमीटर आणि मायक्रो-२ सुमारे ९ मिलिमीटर. लो-प्रोफाइल मिनीची रुंदी मिनीइतकीच असते, पण त्याचे पाय प्लॅस्टिकच्या खाली जेमतेम डोकावतात, त्यामुळे गल्लत सर्वांत जास्त याच दोघांत होते. तीन पायांचा मायक्रो-३ एकाच वेळी दोन परिपथ सांभाळतो आणि त्यासाठी वेगळाच टॅप लागतो. शक्य असेल तर तो सोडून शेजारचा दोन पायांचा फ्यूज निवडावा. आणण्यापूर्वी आपला फ्यूज काढून त्याची रुंदी आणि पायांची लांबी मोजली की चूक होत नाही. पाय वाकवून किंवा घासून भलताच टॅप बसवू नये, कारण त्याने खाचेतली पकड कायमची सैल होते आणि ती दुरुस्त करणे फार कटकटीचे आहे.

६. फ्यूज टॅपला दिशा असते का? मी कसाही बसवला तरी कॅमेरा चालतो.

दिशा असते, आणि उलटा बसवला तरी कॅमेरा चालतो म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

टॅपमध्ये दोन फ्यूजच्या जागा असतात. पायांजवळची जागा मूळ परिपथाच्या फ्यूजची आणि दुसरी नव्या परिपथाची. फ्यूज बॉक्सच्या खाचेतही दोन टोके असतात : एका टोकाला बॅटरीकडून वीज येते, दुसऱ्या टोकातून ती उपकरणाकडे जाते. टॅपचा जो पाय नव्या फ्यूजला वीज पुरवतो, तो खाचेच्या वीज येणाऱ्या टोकात गेला पाहिजे. असे केले तर दोन्ही फ्यूजना वीज स्वतंत्रपणे मिळते. उलट बसवले तर कॅमेऱ्याचा प्रवाह आधी मूळ फ्यूजमधून आणि मग नव्या फ्यूजमधून जातो. म्हणजे मूळ फ्यूजवर दोघांचा भार येतो आणि तो उडाला की कॅमेराही बंद पडतो.

ओळखण्याची रीत सोपी आहे. खाचेतला फ्यूज काढावा, चावी चालू करावी आणि मल्टिमीटरचे काळे टोक धातूला लावून लाल टोकाने खाचेची दोन्ही टोके तपासावीत. ज्यावर १२ व्होल्ट दिसतात ते वीज येणारे टोक. मग टॅप हातात घेऊन, त्यातले दोन्ही फ्यूज काढून, मल्टिमीटर सलगता दाखवण्याच्या स्थितीत ठेवावा आणि नव्या फ्यूजच्या जागेतली धातूची पकड कोणत्या पायाशी जोडलेली आहे ते पाहावे. तो पाय त्या टोकात. कधी कधी शेजारच्या रिलेमुळे टॅप योग्य दिशेने बसायला जागाच नसते. तेव्हा तडजोड करण्यापेक्षा दुसरा फ्यूज शोधावा.

७. टॅपमध्ये कॅमेऱ्यासाठी किती अँपिअरचा फ्यूज घालावा?

पत्रकात आकडा दिला असेल तर तोच. दिला नसेल तर कॅमेऱ्याच्या परिपथाला २ किंवा ३ अँपिअर सहज पुरतात, कारण बहुतेक डॅशकॅम १२ व्होल्टच्या बाजूने अर्ध्या अँपिअरच्या आसपासच घेतात. 'उडायला नको' म्हणून १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज घालण्याचा मोह होतो, पण फ्यूज कॅमेऱ्यापेक्षा वायरीच्या रक्षणासाठी असतो : किटची बारीक वायर कुठे दाराच्या कडेत चिरडली गेली, तर मोठा फ्यूज उडण्याआधी ती वायर तापून पेट घेऊ शकते. मूळ परिपथाचा फ्यूज मात्र होता त्याच आकड्याचा परत बसवावा. आकडा वाचता येत नसेल तर रंगावरून कळतो : ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. टॅपच्या वेष्टनावर त्याची स्वतःची मर्यादा लिहिलेली असते, ती मूळ फ्यूजच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर तो परिपथ घेऊ नये.

८. अर्थची वायर कोणत्याही बोल्टला लावली तर चालते का?

नाही, आणि कॅमेरा अधूनमधून आपोआप बंद पडण्याच्या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारींचे मूळ येथेच सापडते. बोल्ट गाडीच्या उघड्या धातूत गेलेला हवा. प्लॅस्टिकचा कंस धरून ठेवणारा बोल्ट किंवा रंगाच्या जाड थरावर बसलेला बोल्ट निरुपयोगी. फ्यूज बॉक्सच्या आसपास गाडीच्या कारखान्यातच काळ्या किंवा तपकिरी वायरींचा झुबका धातूला आवळलेला दिसतो. तशी जागा उत्तम, फक्त तो झुबका एअरबॅगच्या किंवा इंजिनच्या संगणकाचा नसावा. एअरबॅगचे जोड बहुधा पिवळ्या रंगाचे असतात, ही खूण लक्षात ठेवावी.

वायरीला गोल कड्याचे टर्मिनल दाबून बसवावे, बोल्ट सैल करून ते त्याखाली घालावे आणि बोल्ट पुन्हा पक्का आवळावा. त्यानंतर मल्टिमीटरने बोल्टपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतचा रोध मोजावा. तो अर्ध्या ओहमच्या आत हवा. हे मोजमाप का महत्त्वाचे, ते प्रश्न १२ मध्ये कळेल.

९. काचेपासून फ्यूज बॉक्सपर्यंत वायर दिसू न देता कशी न्यावी? खांबातल्या एअरबॅगचे काय?

काचेच्या वरच्या कडेशी, छताच्या अस्तरात आणि काचेत एक बारीक फट असते. प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने वायर त्या फटीत ढकलत पुढच्या खांबापर्यंत, म्हणजे ए-पिलरपर्यंत, न्यावी. स्क्रूड्रायव्हर वापरू नये. अस्तरावर पडलेला दाब परत निघत नाही आणि काचेच्या कडेला धातू लागला तर तडा जाऊ शकतो.

खरा विचार खांबापाशी करायचा आहे. पुष्कळ गाड्यांत दारांच्या वर, छताच्या कडेने पडद्यासारखी एअरबॅग गुंडाळून ठेवलेली असते आणि तिचे पुढचे टोक ए-पिलरच्या आवरणामागे येते. अशा आवरणावर 'एसआरएस एअरबॅग' अशी खूण असते. वायर त्या एअरबॅगच्या पुढून गेली, तर अपघाताच्या क्षणी ती एअरबॅगला अडवू शकते किंवा स्वतःच चेहऱ्याच्या दिशेने फेकली जाऊ शकते. म्हणून खूण असलेल्या खांबात एकच योग्य रीत आहे : आवरण काढावे, वायर एअरबॅगच्या मागून, धातूला लगटून न्यावी, जमेल तिथे गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्याला कापडी टेपने बांधावी आणि एअरबॅगला स्वतःला काहीही बांधू नये. या आवरणाच्या क्लिपांना बहुधा दोरीसारखा पट्टा असतो, तो एअरबॅग उघडताना आवरण उडू नये म्हणून; काही गाड्यांत या क्लिपा एकदाच वापरायच्या असतात आणि आवरण काढले की नव्या घालाव्या लागतात. याविषयी खात्री नसेल तर एवढा टप्पा जाणकार कारागिराकडून करून घेण्यात कमीपणा नाही. खांबात एअरबॅग नसलेल्या गाडीत दाराचे रबर थोडे बाजूला ओढून वायर त्याच्या मागे बसवली तरी पुरते.

तेथून खाली डॅशबोर्डच्या बाजूचे झाकण काढून वायर फ्यूज बॉक्सपर्यंत येते. उरलेली लांबी कापू नये. ती सैल वळशांत गुंडाळून, किटच्या डबीसह, मूळ वायरिंगला किंवा कंसाला बांधावी. ती पेडल, स्टिअरिंगचा दांडा आणि हीटरची नळी यांपासून दूर असलीच पाहिजे. नेहमीची चिकट प्लॅस्टिक टेप उन्हात डिंक सोडते आणि काही महिन्यांत सुटते, म्हणून गाडीच्या कारखान्यात वापरतात तशी कापडी टेप घ्यावी. तिच्यामुळे प्लॅस्टिकवर वायर आपटण्याचा आवाजही येत नाही.

१०. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी का?

केवळ फ्यूज काढून टॅप बसवायचा असेल तर चावी बंद असणे पुरेसे आहे. खांबाचे आवरण काढायचे असेल किंवा पिवळ्या जोडांजवळ हात जाणार असेल, तर बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत वीज काही काळ साठून राहते. बॅटरी सोडवल्यावर काही गाड्यांत रेडिओ सांकेतिक अंक मागतो आणि काचा आपोआप वर जाण्याची सोय पुन्हा शिकवावी लागते, याची तयारी ठेवावी. मोजमापे अर्थातच बॅटरी सोडवण्याआधी आटोपावीत आणि ती मल्टिमीटरनेच करावीत. जुन्या पद्धतीचा बल्बचा टेस्ट लॅम्प स्वतः बराच प्रवाह घेतो, म्हणून आधुनिक गाडीत, विशेषतः एअरबॅगच्या आसपास, तो वापरू नये.

११. पार्किंग मोडमुळे बॅटरी उतरणार नाही ना?

उतरू शकते, किती, याचा हिशेब करता येतो. समजा, कॅमेरा १२ व्होल्टच्या बाजूने ०.३ अँपिअर घेतो. २४ तासांत तो ७.२ अँपिअर-तास खातो. बॅटरी ६० अँपिअर-तासांची आणि नवी असेल तर एका दिवसाने काही बिघडत नाही, पण तीन-चार दिवस गाडी उभी राहिली तर निम्मी बॅटरी संपते. बॅटरी जुनी असेल किंवा थंडी कडाक्याची असेल तर हातात येणारी क्षमता याहून बरीच कमी असते. शिवाय रोजचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचाच असेल, तर रात्रभरात गेलेले भरून निघत नाही आणि तूट दिवसेंदिवस साचत जाते. ही साचत जाणारी तूट जास्त घातक आहे, कारण ती किटच्या कट-ऑफपर्यंत पोहोचत नाही आणि बॅटरीचे आयुष्य मात्र घटवते.

स्थिर अवस्थेत, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यावर, १२.६ व्होल्ट ही भरलेली बॅटरी, १२.२ ही साधारण निम्मी आणि ११.९ च्या खाली जवळजवळ रिकामी. म्हणून किटवर ११.६ चा पर्याय असला तरी तो निवडू नये, १२.२ ठेवावा आणि अगदी गरजच असेल तर १२.० पर्यंत उतरावे. वेळेची मर्यादा घालण्याची सोय असेल तर तीही वापरावी. जिथे गाडी कुलूपबंद जागेत उभी राहते तिथे पार्किंग मोड बंद ठेवणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे. अनेक दिवस अखंड पहारा हवा असेल तर गाडीच्या बॅटरीवर न विसंबता कॅमेऱ्यासाठी मिळणारी स्वतंत्र लिथियम बॅटरी बसवावी, जी गाडी चालू असताना भरते.

१२. कट-ऑफ १२.२ वर ठेवला तर कॅमेरा तासाभरातच बंद पडतो. बॅटरी तर नवी आहे.

किट बॅटरीच्या टोकांवरचा दाब मोजत नाही. आपल्या वायरींच्या टोकाला जो दाब पोहोचतो, तो मोजते. मध्ये कुठे अर्थचा गंजलेला किंवा रंगावर बसलेला जोड असेल आणि त्याचा रोध १ ओहम असेल, तर ०.३ अँपिअरला तिथे ०.३ व्होल्ट खर्च होतात; म्हणजे बॅटरीवर १२.५ असताना किटला १२.२ दिसतात आणि ते इमानाने वीज तोडते. म्हणून कट-ऑफ खाली आणण्याआधी कॅमेरा पार्किंग मोडमध्ये चालू असताना बॅटरीवरचा आणि किटच्या टोकाशी असलेला दाब एकापाठोपाठ मोजावा. फरक ०.१ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर प्रश्न ८ प्रमाणे अर्थ पुन्हा करावा आणि टॅपमधला दाबलेला जोड ओढून पाहावा. फरक नसेल, तर मात्र बॅटरीचीच तपासणी करून घ्यावी. छोट्या फेऱ्यांमुळे नवी बॅटरीही कायम अर्धीच भरलेली असू शकते.

१३. पार्किंग मोड सुरूच होत नाही, किंवा कॅमेरा कधीच बंद होत नाही. कुठे शोधू?

लक्षणांवरून कारण जवळजवळ नेमके सांगता येते. गाडी बंद करताच कॅमेरा पूर्ण बंद होत असेल, तर दोन्ही वायरी चावीबरोबर चालणाऱ्या फ्यूजवर आहेत, किंवा कायम वीज म्हणून निवडलेला फ्यूज गाडीबरोबर झोपतो आहे. गाडी बंद केली तरी कॅमेरा नेहमीच्याच चित्रणात राहत असेल, तर एसीसीची वायर कायम वीज असलेल्या फ्यूजवर गेली आहे. गाडी बंद केल्यावर वीस-तीस मिनिटांनी पार्किंग मोड येत असेल तर जोडणी चुकलेली नाही. तो फ्यूजच उशिरा बंद होणारा आहे आणि दुसरा निवडावा. दोन वायरींची अदलाबदल झाली असेल तर किटच्या रचनेप्रमाणे कॅमेरा गाडी बंद असताना मुळीच चालत नाही किंवा विचित्र वेळी चालू-बंद होतो. हे सर्व ठीक असूनही मोड बदलत नसेल, तर कॅमेऱ्याच्या मेनूत पार्किंग मोड चालू केला आहे का ते पाहावे. पुष्कळ कॅमेऱ्यांत तो मुळात बंद असतो.

१४. सेल्फ मारताना कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. हा दोष आहे का?

दोष नाही. सेल्फ फिरत असताना गाडी एसीसीचा पुरवठा मुद्दाम तोडते, जेणेकरून सर्व वीज स्टार्टरला मिळावी, आणि त्याच क्षणी बॅटरीचा दाबही खाली जातो. कायम विजेची वायर नीट असेल तर बहुतेक कॅमेरे हा क्षण निभावून नेतात. प्रत्येक वेळी कॅमेरा पूर्ण बंद होत असेल तर प्रश्न १२ मधले मोजमाप करावे.

१५. किट बसवल्यापासून रेडिओत खरखर येते.

दाब उतरवणारी डबी आत अतिवेगाने चालू-बंद होत असते आणि तिचे आवरण निकृष्ट असेल तर ती गोंगाट हवेत सोडते. कॅमेरा बंद केल्यावर खरखर थांबते का, हे आधी पाहावे. थांबत असेल तर डबी आणि वायर अँटेनाच्या केबलपासून शक्य तितकी दूर सरकवावी. पुष्कळ गाड्यांत ती केबल त्याच खांबातून जाते, म्हणून दुसऱ्या बाजूच्या खांबातून वायर नेल्यानेही फरक पडतो. वायरीवर, डबीच्या जवळ, फेराइटची (गोंगाट शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाची) क्लिप लावल्याने बऱ्याचदा काम भागते. तरीही खरखर राहिली, किंवा दूरनियंत्रक किल्लीचा पल्ला घटला, तर किट बदलावे.

१६. माझी गाडी स्टार्ट-स्टॉप, हायब्रिड किंवा विजेवरची आहे. काय वेगळे करावे?

स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणाऱ्या, आणि एकूणच अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या हुकमाने चालतो आणि इंधन वाचवण्यासाठी चालू गाडीतही दाब १२.५ व्होल्टच्या आसपास उतरवतो. केवळ दाबावरून 'गाडी चालू की बंद' ठरवणारी दोन वायरींची उपकरणे येथे फसतात. अशा गाडीत तीन वायरींचे किटच घ्यावे.

हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांतही दिवे, कुलुपे आणि संगणकांसाठी कमी दाबाची वेगळी बॅटरी असते, आणि जोडणी फक्त तिच्या फ्यूज बॉक्समधून करायची असते. नारिंगी रंगाच्या जाड केबल उच्च दाबाच्या असून त्यांच्या जवळपासही काम करू नये. ही छोटी बॅटरी बहुधा नेहमीच्या गाडीच्या बॅटरीपेक्षा लहान असते, म्हणून प्रश्न ११ मधला हिशेब तिच्या क्षमतेने नव्याने मांडावा. ती उतरली की मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. काही नव्या गाड्यांत ती लिथियमची असते आणि तिचा दाब १५ व्होल्टच्या आसपास असतो; तिथे लेड-अ‍ॅसिडसाठी ठरवलेले कट-ऑफचे आकडे अर्थहीन ठरतात, त्यामुळे वेळेची मर्यादाच वापरावी.

१७. ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात. तेच किट चालेल का?

किटवर '१२ ते २४' किंवा त्याहून मोठी मर्यादा छापलेली असेल तर चालेल. इंजिन चालू असताना २४ व्होल्टच्या गाडीत दाब २८ व्होल्टच्या आसपास जातो, म्हणून ३० व्होल्टपर्यंत सहन करणारे किट घ्यावे आणि कट-ऑफ २४ व्होल्टसाठीच्या आकड्यांवर ठेवावा.

१८. मागच्या कॅमेऱ्याची वायर डिकीच्या दारात कशी न्यावी?

डिकीचे दार आणि छत यांच्यामध्ये वायरींसाठी पन्हाळीदार रबरी नळी असते. वायर तिच्यातूनच न्यावी. तिच्या बाहेरून, बिजागरीवरून नेलेली वायर दार उघडता-मिटता काही काळाने तुटते. दार पूर्ण उघडून पुरेशी ढील ठेवावी आणि मगच आवरणे बसवावीत. कॅमेरा चिकटवताना मागच्या काचेवरच्या तापणाऱ्या रेघांवर चिकटपट्टी लावू नये, कारण पुढे ती काढताना रेघ उखडते.

१९. ओबीडीच्या सॉकेटमधून किंवा आरशाच्या वायरीतून वीज घेणे सोपे नाही का?

सोपे आहे. ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे गॅरेजमध्ये गाडीचे दोष तपासण्याचे यंत्र लावतात त्या सॉकेटच्या, १६ क्रमांकाच्या पिनवर कायम १२ व्होल्ट आणि ४ क्रमांकावर अर्थ असतो, त्यामुळे तयार केबल लावली की काम होते. पण सर्व्हिसिंगच्या वेळी ती काढावी लागते, सॉकेट पायांजवळ असल्यामुळे केबलला लाथ लागू शकते, आणि गाडीशी संवादच साधणारी काही उपकरणे गाडीला झोपू देत नाहीत. भाड्याच्या किंवा कंपनीच्या गाडीसाठी हा मार्ग योग्य. स्वतःच्या गाडीसाठी फ्यूज बॉक्स.

आपोआप काळवंडणाऱ्या आरशाच्या वायरीतून वीज घेतल्याने लांब वायर वाचते, परंतु तिथे कायम वीज क्वचितच असते, वायरी फार बारीक असतात आणि त्याच परिसरात चालक-साहाय्य यंत्रणेचा कॅमेरा असतो. जुन्या वायरीला चिमटा मारून छेदणारे जोड तर तिथे मुळीच वापरू नयेत; ते तांब्याचे धागे कापतात आणि वर्षा-दोन वर्षांनी कधी जोडतात, कधी सोडतात.

२०. रडार डिटेक्टरही याच पद्धतीने जोडता येतो का?

रडार डिटेक्टर म्हणजे पोलिसांच्या वेगमापक रडारची सूचना देणारे उपकरण. विजेच्या दृष्टीने ते काम सोपे आहे : पार्किंग मोड नसल्यामुळे चावीबरोबर चालणारी एकच वायर आणि अर्थ पुरतात, आणि फ्यूज, टॅपची दिशा व वायरीचा मार्ग यांविषयी वर लिहिलेले सर्व तसेच लागू होते. अनेक डिटेक्टरना टेलिफोनसारखा छोटा जॅक असतो, पण त्यातल्या पिनांची मांडणी कंपनीनुसार बदलते, म्हणून एकाची केबल दुसऱ्याला लावू नये. काचेवर धातूमिश्रित उष्णतारोधक थर असेल तर त्यामागे डिटेक्टर जवळजवळ आंधळा होतो.

कायद्याची बाजू मात्र आधी पाहावी. फ्रान्समध्ये तो बाळगणेही बेकायदा आहे, जर्मनीत गाडी चालवताना वापरण्यास बंदी आहे, आणि अमेरिकेत बहुतेक राज्यांत खासगी गाडीत चालत असला तरी व्हर्जिनिया राज्यात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये बंदी आहे. कायमचा जोडलेला डिटेक्टर सीमा ओलांडताना काढून ठेवणे सोयीचे नसते. बंदी असलेल्या प्रदेशात जाणे होणार असेल तर तो कायमचा जोडूच नये.

२१. वॉरंटी जाईल का? आणि गाडी विकताना हे सर्व काढता येईल का?

वॉरंटीच्या अटी प्रत्येक उत्पादकाच्या वेगळ्या असतात, पण बाहेरून केलेल्या जोडणीमुळे झालेला बिघाड त्यात धरला जात नाही, हे गृहीत धरावे. म्हणूनच मूळ वायर कापणे, सोलणे आणि तिला डाग देणे टाळून फ्यूज टॅपचा आग्रह धरलेला आहे. अशी जोडणी काढायची झाली तर दोन टॅप उपसायचे, त्यांतले मूळ फ्यूज आपापल्या खाचेत परत घालायचे, अर्थचा बोल्ट सैल करून कडे काढायचे आणि तो पुन्हा आवळायचा; वायर ज्या मार्गाने गेली त्याच मार्गाने परत येते. कोणत्या खाचेतून कोणता फ्यूज काढला आणि तो किती अँपिअरचा होता, हे काम करतानाच कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवावी, म्हणजे पुढे गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला किंवा गॅरेजमधल्या कारागिराला शोधाशोध करावी लागत नाही.